माळ मोकळा दिसला म्हणून सोलर बसत नाही

गायरान सोलरला द्यायचं म्हटलं की गावात आधी उन्हाची चर्चा. सोलापूर, बीड, अहिल्यानगर पट्ट्यात ऊन मुबलक आहे हो! बघायचं ते प्लांटची वीज जिथं ग्रिडला जोडायची ते ३३/११ केव्हीचं सबस्टेशन. अंतर किती, ट्रान्सफॉर्मरची क्षमता ५ एमव्हीए की १०, आधीचे किती सोलर त्यावर मंजूर झालेत? आणि लाइन किती वेळा बंद पडते हे कळायला तिथलं लॉगबुक बघायला मिळतंय का पाहा. या प्लांटचा इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची डीसी वीज एसी करणारं यंत्र, ग्रिडच्या जिवावर चालतो. भर दुपारी ३३ केव्ही लाइन ट्रिप झाली की लख्ख उन्हात जनरेशन शून्य. रोज ट्रिपिंग होणाऱ्या उपकेंद्राशेजारची जमीन फुकट मिळाली तरी महागच.

मग माती. जेसीबीने चार कोपऱ्यांत आणि मधोमध दोन मीटर खड्डे घ्या. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाइल, म्हणजे पॅनेलचा सांगाडा पेलणारा जमिनीत ठोकलेला खांब, त्या थरातच अडकला तर हळूहळू वर सरकतो, रांग वाकडी होते, पॅनेलच्या काचेवर ताण येतो. तो खालच्या मुरमात घट्ट रुतायला हवा, पुलआउट टेस्ट (पाइल वर ओढून त्याची पकड तपासणं) केल्याशिवाय डिझाइन पक्कं करू नका. उलट वीतभर मुरूम आणि खाली काळा पाषाण असेल तर पाइल ठोकून जातच नाही, ड्रिलिंग आलं, बजेट गेलं.

मेगावॅटला चार-पाच एकर धरतात, पण सलग आणि सपाट. नाला, पाणंद, उत्तरेचा उतार वजा करा. उत्तर उतारावर सावली लांब पडते, रांगांत अंतर वाढवावं लागतं. २१ डिसेंबरला सकाळी नऊची सावली मोजा.

सातबारावर ‘पोटखराब’ (लागवडीला अयोग्य) दिसलं की मोकळी जमीन, असं धरून चालणारे सल्लागार पुष्कळ आहेत. सातबारातला ‘इतर हक्क’ रकाना वाचा, मोजणी करून घ्या, आणि मेंढपाळांना विचारा. कुंपणाने त्यांची पाण्याची वाट तुटली तर भांडण पंचवीस वर्षं पुरेल. पॅनेलची खालची कड मीटरभर उंच ठेवली तर खाली मेंढ्या चरू शकतात. शेळ्या नकोत, त्या वर चढतात.

माझं स्पष्ट मत: लांडगा, चिंकारा असलेलं गवताळ माळरान कागदावर पडीक असलं तरी सोडून द्यावं. नान्नजचा माळढोक अशाच माळावरचा. त्यापेक्षा खडकाळ बरड घ्या, थोडा खर्च वाढेल.

शेजारी खडी क्रशर असेल तर तीही जागा नको, धूळ पॅनेलवर बसते. धुवायला पॅनेलमागे दीड-दोन लिटर पाणी लागतं, मेगावॅटला साधारण दोन हजार पॅनेल. एप्रिलमध्ये टँकर कुठून आणणार, ते करारावर सही करण्याआधी ठरवा.