आधी बाठा फोडा, मग भट्टी पेटवा

आंब्याचे बाठे भट्टीत तापवून जैवतेल, म्हणजे इंधनासारखं वापरायचं तेल, काढता येतं, हे तुमच्या लेखात छान समजावलंय. पण त्यात म्हटल्याप्रमाणे अख्खा बाठा भट्टीत घालणं मला पटत नाही. आमच्या रत्नागिरीकडे मे महिन्यात कॅनिंगच्या कारखान्यांमागे बाठे-सालींचे ढीग पडतात; दोन दिवसांत आंबूस वास आणि चिलटांचे थवे. बाठा फोडला की आतल्या बीमधली चरबी चॉकलेटात कोको बटरच्या जोडीला चालते, सालीतून जॅम घट्ट करणारं पेक्टिन मिळतं. उरलेलं टणक कवच खुशाल हवेशिवाय ५०० अंशांच्या आसपास तापवा. निघालेलं तेल आम्लधर्मी आणि पाणीमिश्रित असतं, थेट डिझेल इंजिनात घालू नये, हेही लिहायला हवं होतं. आणि पाऊस तोंडावर आलेला असताना एवढा ओला माल भट्टीत घालण्याआधी वाळवायचा कुठे?