हप्ता थांबवण्याआधी…

बाजार दोन-तीन आठवडे सलग पडला की ओळखीपाळखीच्या लोकांचे फोन सुरू होतात. "सगळं लाल दिसतंय, म्युच्युअल फंडातला दरमहाचा हप्ता (एसआयपी) थांबवू का, पैसे काढून घेऊ का?" मी उलट एकच विचारते, हे पैसे तुम्हाला कधी लागणार आहेत?

२३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात ३,९३५ अंकांनी कोसळून २५,९८१ वर बंद झाला. त्या दिवसांत ज्यांनी विकलं त्यांना आपण सर्रास घाबरट म्हणतो. मला ते मुळीच पटत नाही. दुकानाचं शटर खाली, भाडं थकलेलं, मुलीची फी तोंडावर, असा माणूस विकणारच! नोव्हेंबरमध्ये बाजाराने जानेवारीचा उच्चांक ओलांडला, पण तोवर तग धरायला त्याच्या खात्यात काही उरलंच नव्हतं. म्हणून आधी सहा महिन्यांचा घरखर्च एफडीत टाका. मेडिक्लेम घ्या. तीन-चार वर्षांत लागणारा पैसा शेअर बाजारात नकोच, मग तेजी कितीही असो.

एवढं झालं की पडझडीतही हप्ता चालू ठेवता येतो. पाच हजारांच्या हप्त्यात एनएव्ही, म्हणजे फंडाच्या एका युनिटचा (हिश्श्याचा) भाव, ५० रुपये असताना १०० युनिट मिळतात, ४० झाली की १२५.

आता दीर्घकाळ म्हणजे नेमका किती? एप्रिल १९९२ मध्ये, हर्षद मेहता प्रकरण बाहेर येण्याच्या सुमारास, सेन्सेक्स साडेचार हजारांच्या घरात होता. २००३ च्या एप्रिलमध्ये तो तीन हजारांच्या आसपास घुटमळत होता. अकरा वर्षं! "पाच वर्षांत दुप्पट" म्हणणारे हे कधीच सांगत नाहीत, आणि याचा मला मनापासून राग येतो. कारण अशा भरवशावर आलेला माणूसच पहिल्या मंदीत बाहेर पडतो.

आणि थांबायचं ते इंडेक्स फंडात, म्हणजे सेन्सेक्ससारख्या निर्देशांकातल्याच कंपन्यांत पैसे लावणाऱ्या फंडात, किंवा बऱ्याच कंपन्यांत पसरलेल्या फंडात. रिलायन्स कम्युनिकेशन्सचा शेअर जानेवारी २००८ मध्ये आठशेच्या वर होता, २०१९ मध्ये रुपयाच्याही खाली गेला. निर्देशांकातून मागे पडलेली कंपनी वगळली जाते. तुमच्या डीमॅटमधली (शेअर ठेवायच्या खात्यातली) तशीच पडून राहते, आणि ‘अॅव्हरेज’ करत, म्हणजे भाव पडला की पुन्हा घेऊन सरासरी खरेदीभाव खाली आणत, लोक तिच्यात आणखी पैसे ओततात.

हात खरंच आखडला असेल तर हप्ता कमी करा, किंवा काही महिने पॉज करा. बऱ्याच फंडांत तशी सोय असते. हप्ता थांबवला म्हणून जुने युनिट विकावे लागत नाहीत. ते राहू द्या.