लग्नचौकाची नक्षी शोभेची नाही

'नक्षी म्हणजे मोकळी जागा भरणं' हे नक्षीवरच्या लेखातलं वाक्य लेखकाने वारली चित्रांना लावलंय, ते अजिबात पटलं नाही. डहाणूकडच्या लग्नघरांत सवाशिणी कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नचौक लिहितात. मी पाहिलाय. चारी बाजूंची ती दाट किनार आत पालघट या सुफलतेच्या देवीला जागा करून देते. चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही. मग तिथली रेघ भरतीची कशी?

वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांनी १९७० च्या दशकात ही कला कागदावर नेली, ते फार मोठं काम. पण आता कपांवर नि कुर्त्यांवर तीच किनार देवीविना छापली जाते, आणि लेखकाने बहुधा तेवढीच पाहिली आहे. लग्नचौकाचा साधा उल्लेखही लेखात नाही!