आम्हाला लाभार्थी म्हणू नका

सध्या गावात कुठलाही कार्यक्रम असू दे, माईकवरून एकच शब्द. लाभार्थ्यांनी पुढं बसावं, लाभार्थ्यांनी फोटोसाठी थांबावं. मला हा शब्द खटकतो, मनापासून खटकतो, आणि आपल्या सांगली-साताऱ्यात तर तो इतका सहज रुळायलाच नको होता.

आपले पणजे-खापरपणजे रयत होते. हा शब्द अरबीतनं आलेला, मूळ अर्थ राखणीतला कळप. राखणारा चांगला निघाला तर चारापाणी, नाहीतर नशीब. (कर्मवीर भाऊराव पाटील, म्हणजे अण्णांनी, 1919 साली कराडजवळच्या काल्यात शिक्षणसंस्था काढली, तिला रयतेचंच नाव दिलं आणि त्याच रयतेच्या पोरांना शिकवलं, म्हणून आपल्याकडं तो अभिमानाचा शब्द झाला, ते श्रेय अण्णांचं.) नागरिक हा शब्द नगरातला. जुन्या संस्कृतात नागरक म्हणजे तर शहरातला चैनीत राहणारा शौकीन माणूस, त्यात आटपाडीच्या मेंढपाळाला जागाच नव्हती.

लॅटिनमध्ये मात्र उलटं आहे आणि ते मला फार आवडतं. तिथं आधी सिव्हिस, म्हणजे बरोबरीचा माणूस, आणि अशा माणसांचं मिळून जे होतं ते सिव्हितास. इंग्रजीतली सिटी त्यातनंच आली. अर्थात ही बरोबरी सगळ्यांना नव्हती. अथेन्समध्ये बायका, गुलाम, बाहेरून आलेले यांना कारभारात मतच नव्हतं. रोमच्या कॅराकॅला बादशहानं इसवी सन 212 मध्ये साम्राज्यातल्या जवळजवळ सगळ्या स्वतंत्र माणसांना नागरिक केलं, तरी गुलाम बाहेरच राहिले.

आपल्या संविधानात बघा, बहुतेक कलमं लागू झाली 26 जानेवारी 1950 ला, पण नागरिक कोण हे सांगणारी 5 ते 9 ही कलमं 26 नोव्हेंबर 1949 लाच लागू झाली. आधी नागरिक ठरले, मग प्रजासत्ताक आलं.

आणि आपल्या भागानं तर तेवढीही वाट बघितली नव्हती. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी गांधीजींचा सल्ला घेऊन 1939 मध्ये राज्यघटना केली आणि स्वतःची सत्ता लोकांनी निवडलेल्या पंचांकडं सोपवली. आपलं कुंडल, आटपाडी त्याच संस्थानातलं. पुढं 1943 ला क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांना न जुमानता लोकांनी चालवलेला कारभार, उभं राहिलं, न्यायदान मंडळं गावात बसून तंटे मिटवत होती, सावकाराला आणि गुंडाला जाब विचारत होती, तेही इंग्रज अजून डोक्यावर असताना! त्या लोकांना कुणी नागरिकत्वाचा कागद दिला नव्हता.

आता आजचं सांगते. मागच्या ग्रामसभेच्या वेळी शिपाई वही घेऊन दारात, "वहिनी, हितं सही करा, कोरम भरायचाय." वर ठरावाची जागा कोरी. विचारलं तर म्हणे ते नंतर लिहितात. मी सही केली नाही, तर आतनं सासूबाई म्हणाल्या, "कर की गं, उगं लाभार्थ्यांच्या यादीतनं नाव गेलं म्हंजे?"

मला राग सासूबाईंचा नाही आला, त्यांनी जन्मभर राबून घर उभं केलंय, आयुष्यात कुणापुढं हात पसरला नाही. पण हक्काच्या पैशासाठी त्यांना भीती वाटायला लागली हे या लाभार्थी शब्दानं केलंय. पेन्शन असू दे, घरकुल असू दे, रेशन असू दे, ते कुणाच्या खिशातनं येत नाही, काडेपेटीपासून खताच्या पोत्यापर्यंत आपण सगळे टॅक्स भरतो त्यातनं येतं. मग उपकार कसले? आणि मदत मिळते म्हणून प्रश्न विचारायचा नाही हा नियम कुठल्या कायद्यात आहे?

ग्रामसभेला कोरम, म्हणजे कमीत कमी हजेरी, लागते 100 मतदारांची किंवा 15 टक्के, जो कमी असेल तो, आणि तेवढी माणसं नाही जमली तर सभा तहकूब होते, मग तहकूब सभेला कोरमच लागत नाही, चार टाळकी बसून वर्षाचा आराखडा मंजूर करतात. मतदारयादीत नाव असलेली प्रत्येक बाई, प्रत्येक माणूस त्या सभेचा सदस्य आहे आणि बायकांची वेगळी सभा आधी घ्यायची असंही कायद्यात आहे. आमच्याकडं ती फक्त वहीत होते.

2 ऑक्टोबरच्या सभेला आमच्या गल्लीतल्या बायका जाणार आहोत. वित्त आयोगाचे, म्हणजे सरकारकडनं ग्रामपंचायतीला येणारे, पैसे कशावर खर्च झाले ते विचारणार, मागच्या सभेचं प्रोसिडिंग वाचून दाखवा म्हणणार, आणि उत्तर लिहून झाल्यावर त्याच्या खाली सही करणार. गावातल्या ज्या कुणी येणार असतील त्यांनी मेसेज करा, सासूबाईंना पण घेऊन येतेय.