घडी मोडायची कुणी?

शनिवारी सकाळी मी उत्तर लंडनमधल्या एका चॅरिटी शॉपमध्ये चार तास काम करते. पगार नाही, चहा फुकट. लोकांनी दिलेल्या कपड्यांच्या पिशव्या मागच्या खोलीत येऊन पडलेल्या असतात. त्या सोडायच्या, विकण्याजोगं वेगळं काढायचं, वाफेच्या इस्त्रीने सुरकुत्या घालवायच्या आणि हँगरला लावायचं. दोन आठवड्यांपूर्वी अशाच एका पिशवीत, दोन जीन्स आणि एका जाड कोटाच्या मध्ये दडपलेली मोरपंखी रेशमी साडी निघाली. दुकान सांभाळणाऱ्या बाई ती उलगडत गेल्या, उलगडत गेल्या, टेबल संपलं तरी साडी संपेना, तेव्हा म्हणाल्या, "केवढा हा लांबलचक पडदा!"

मी साडी उलटी करून पाहिली. फॉल हाताने लावलेला होता. टाके बारीक, एकसारखे. दोरा मात्र एक छटा फिका. निऱ्यांपाशी फॉल काळवंडला होता, म्हणजे ही साडी नेसून कुणीतरी खरंच चाललं होतं, जिने चढलं-उतरलं होतं. खांद्यावर पिनेची दोन-तीन भोकं आणि एका जागी इतकं सफाईदार रफू, की ते बोटाला कळलं, डोळ्यांना दिसलं नाही. किंमत सहा पौंड ठरली.

घरी येऊन फोन उघडला तर नाशिकच्या आमच्या शाळेच्या ग्रुपवर नेहमीचा वाद पेटलेला. कुठल्याशा नटीने जुनाच पोशाख परत घातला आणि बातम्यांनी तिला पर्यावरणाची कैवारी ठरवलं. "त्यात काय एवढं? माझी आई एका शालूवर सतरा लग्नं उरकायची, तिचा फोटो कुणी छापला का?" हे वाक्य कधीकाळी माझंच होतं. ऑक्टोबर २०२३ मध्येही हेच चाललं होतं. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार घ्यायला आलिया भट स्वतःच्या लग्नातलीच साडी नेसून गेली होती. लग्न एप्रिल २०२२ मधलं. ग्रुप अर्धा कौतुकात, अर्धा टिंगलीत. मी टिंगलवाल्यांत होते. आता तेवढी खात्री राहिलेली नाही, आणि त्याला इथलं राहणं कारणीभूत आहे.

मी इथे आले तेव्हा ऑफिसातल्या एका मैत्रिणीचा नियम होता: फेसबुकवर फोटो पडलेला ड्रेस पुन्हा पार्टीला घालायचा नाही. नाताळच्या पार्टीला नवा, ऑफिसातल्या कुणाच्या लग्नाला नवा. २०२० च्या फेब्रुवारीत ब्रिटनच्या चित्रपटसृष्टीच्या बाफ्टा पुरस्कारांचा सोहळा झाला. पाहुण्यांना निमंत्रणातच विनंती होती, की शक्यतो आधी घातलेलं, भाड्याचं किंवा जुन्या बाजारातलं काहीतरी घालून या. त्यासाठी लंडन कॉलेज ऑफ फॅशनने मार्गदर्शिकाही काढली होती. केट मिडलटन २०१२ च्या मलेशिया दौऱ्यातला पांढरा-सोनेरी गाऊन घालून आली. त्याच पुरस्कारांच्या हंगामात हॉलिवूडचा नट वाकीन फिनिक्स प्रत्येक सोहळ्याला एकच टक्सिडो घालून फिरत होता आणि नटी जेन फोंडा ऑस्करच्या मंचावर २०१४ सालच्या कान चित्रपट महोत्सवातला लाल गाऊन घालून उभी राहिली. इथल्या टॅब्लॉइडांनी टिंगल केली, तारखा मोजल्या, जुने-नवे फोटो शेजारी शेजारी छापले. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये बॉस्टनला अर्थशॉट या पर्यावरण पुरस्कारांच्या समारंभात केटने चक्क भाड्याने आणलेला हिरवा ड्रेस घातला. राजघराण्यातली बाई, भाड्याचे कपडे! आमच्याकडे शाळेच्या गॅदरिंगला ड्रेपरीवाल्याकडून भाड्याने नऊवारी आणायचो, त्या पंक्तीत आता राजघराणंही.

आणि ती ऑफिसातली मैत्रीण? गेल्या नाताळात तिने स्वतःभोवती गिरकी घेतली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "सेकंडहँड! बारा पौंड!" रेड कार्पेटने जगाचं तापमान किती कमी केलं मला माहीत नाही, पण बारा पौंडांची लाज त्याने घालवली, हे मी डोळ्यांनी पाहिलं. कपडे माणूस थंडीसाठी कमी आणि लाजेसाठी जास्त विकत घेतो. त्यामुळे हे काम लहान नाही.

मात्र इथेच थांबलं तर फसगत होते. रेड कार्पेटवरचे बहुतेक पोशाख नटनट्यांच्या मालकीचे नसतातच. मोठी फॅशन घराणी ते एका संध्याकाळपुरते देतात, दुसऱ्या दिवशी पेटीत घालून परत नेतात. आपण ज्याला 'एकदाच घातला' म्हणतो ती खरं तर जाहिरात असते. म्हणून फोंडाबाईंचा जुना गाऊन मला पटतो. पर्यावरणाला जपणारा म्हणून मिरवणाऱ्या नव्याकोऱ्या 'हरित' गाऊनबद्दल माझ्या मनात शंका येते.

हरित गाऊनचा इतिहास फार लांबचा नाही. २०१० च्या आसपास इंग्रज नट कॉलिन फर्थ पुरस्कार सोहळ्यांच्या फेऱ्या मारत होता, तेव्हा त्याची त्या वेळची बायको लिव्हिया फर्थ हिने रेड कार्पेटवर असेच हरित पोशाख आणायचं 'ग्रीन कार्पेट चॅलेंज' सुरू केलं. त्याच सुमाराला दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉनची बायको सूझी एमिस कॅमेरॉनने ऑस्करसाठी तशीच मोहीम काढली. सगळ्यात गाजलं ते न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयाच्या फॅशन सोहळ्याचं, २०१६ चं मेट गाला: नटी एमा वॉटसनचा केल्विन क्लाइनचा गाऊन, प्लॅस्टिकच्या बाटल्यांपासून काढलेल्या धाग्याचा. त्यातली एक गोष्ट मला मनापासून आवडली. तो गाऊन सुट्या भागांचा होता. पँट वेगळी, वरचा भाग वेगळा, मागचा घोळ वेगळा, पुढे निरनिराळ्या प्रसंगी वापरता यावेत असे. पण लोकांच्या लक्षात राहिल्या त्या बाटल्या. दुकानांनी तेच उचललं. आज आमच्या चॅरिटी शॉपमध्ये 'रिसायकल्ड पॉलिएस्टर' अशी हिरवी पट्टी लावलेले टॉप ढिगाने येतात, काही तर किमतीचं लेबलही न काढलेले. बाटलीची पुन्हा बाटली होऊ शकते. बाटलीचा टॉप झाला की त्याचा पुन्हा टॉप होणं जवळपास अशक्य. एलन मॅकार्थर फाउंडेशन या ब्रिटिश संस्थेने २०१७ मध्ये मांडलेल्या हिशेबात, कपड्यांसाठी वापरलेल्या मालातला एक टक्काही परत कपडा होऊन येत नव्हता.

न विकलेले कपडे कुठे जातात ते मी मागच्या दाराने पाहते. चिंध्यांचा व्यापारी येतो आणि किलोवर घेऊन जातो. त्यातले काही आफ्रिकेत जातात, बरेच गुजरातच्या कांडला बंदरात उतरतात, आणि लोकरी माल पानिपतला पोचतो. तिथे बायका जमिनीवर बसून रंगांप्रमाणे ढीग लावतात, बटणं-चेन कापतात, यंत्र कापड फाडून त्याचा धागा करतं आणि त्याच्या घोंगड्या निघतात. ह्या धाग्याला 'शॉडी' म्हणतात. ही युक्ती मूळची यॉर्कशायरमधल्या बॅटली गावची, १८१३ मधली. इंग्रजीत हलक्या मालाला आजही तोच शब्द आहे. म्हणजे इथला धंदा तिथे गेला, शिवी इथेच राहिली.

आता आपल्या घराकडे वळते.

मे २०२४ मध्ये कानला 'ऑल वी इमॅजिन अॅज लाइट' हा पायल कपाडियांचा चित्रपट मुख्य स्पर्धेत होता. तीस वर्षांनी एखादा भारतीय चित्रपट तिथवर पोचला आणि ग्रां प्री हा तिथला दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार घेऊन आला. त्यातल्या छाया कदम कानला आपल्या दिवंगत आईची साडी नेसून आणि आईची नथ घालून गेल्या. आईला विमानात बसवायचं राहून गेलं, निदान तिची साडी-नथ तरी इथवर आणली, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं होतं. कुठे पर्यावरणाचा उल्लेख नाही, कुठल्या मोहिमेचा शिक्का नाही. त्याच वर्षी त्याच कानला नॅन्सी त्यागी ही उत्तर प्रदेशातली मुलगी स्वतः शिवलेला गुलाबी गाऊन घालून आली. महिनाभर राबून, हजार मीटर कापड वापरून, वीस किलोंहून जास्त वजनाचा, हे तिनेच सांगितलं. शिवणयंत्रावरची ती पोरगी बघून माझा ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू. मग हिशेब केला. साडेपाच मीटरची एक साडी धरली तर हजार मीटरात एकशे ऐंशी साड्या होतात.

कानमध्ये मला सगळ्यात जवळची वाटली ती आईची साडी, कारण तिच्यामागचा रिवाज माझ्या ओळखीचा आहे. आमच्याकडे नवी साडी आली की आधी दुसऱ्या कुणाला तरी नेसायला द्यायची पद्धत होती. "घडी मोड गं," असं म्हणून आई नवीकोरी साडी मावशीच्या हातात ठेवायची. येवल्याहून आणलेल्या तिच्या पैठणीची घडी आत्याने मोडली. आई ती नेसली तेव्हा तिच्यावर आत्याच्या हळदीकुंकवातला अत्तराचा डाग होता. नवेपणाचा मान दुसऱ्याला देऊन टाकायचा. रेड कार्पेटला हे कसं समजावणार? तिथे सगळा खटाटोप पहिल्यांदा मीच घातलं हे सांगण्याचा.

साडीचं पुढचं आयुष्यही ठरलेलं. पदर विरला की मुलीचं परकर-पोलकं, उरलेल्याची उशीची खोळ, सुती असेल तर गोधडी. जरीची असेल तर जर मोडीत. आणि काहीच नाही जमलं तर बोहारीण. आमच्या वाड्याच्या पायरीवर ती बसायची, साडी उन्हाकडे धरून विरलेली जागा शोधायची, आणि आईने हातात घेतलेल्या स्टीलच्या पातेल्याकडे बघत म्हणायची, "ह्याला अजून एक जरीची लागंल ताई." अर्धा तास घासाघीस.

ग्रुपवरच्या मंडळींना ह्याचाच अभिमान आहे, आणि तो खोटा नाही. पण तो अर्धा आहे. आईने सतरा लग्नं एका शालूत उरकली ती पृथ्वीसाठी नाही. दुसरा शालू घेण्याजोगे पैसे नव्हते म्हणून. अठराव्या लग्नात जावेने "तोच का गं?" विचारलं तेव्हा तिचा चेहरा कसा झाला ते मी परकराच्या वयात पाहिलंय. बोहारणीला तर कुणी घराच्या आतही बोलावत नसे. ह्या काटकसरीचा भार बायकांवर होता आणि तिची लाजही बायकांच्याच वाट्याला होती. पैसा आल्यावर ती लाज आपण सगळ्यात आधी फेडली, ती नवीन साड्या घेऊन. नवरात्रीचे नऊ रंग आले, लग्नात मेंदीला वेगळं, संगीताला वेगळं, हळदीला पिवळं. लोकलमध्ये मैत्रिणींकडून उसन्या साड्या घेऊन नऊ दिवस निभावणाऱ्याही आहेत, त्यांना माझा नमस्कार. पण ग्रुपवर नट्यांना नावं ठेवणारीच मैत्रीण परवा भाचीच्या लग्नासाठी पाच दिवसांचे पाच जोड दाखवत होती.

आणि आम्ही परदेशातले तर त्याहून वरताण. दर सुट्टीत तीन साड्या, ब्लाउज घाईने शिवून घ्यायचे, तेवीस किलोंच्या बॅगेत कोंबायच्या. इथे मंडळाच्या गणपतीत एकदा, दिवाळीत एकदा नेसायच्या, बाकी वर्षभर डांबरगोळ्यांच्या वासात. दिवाळीच्या एका कार्यक्रमात मला "मागच्या वर्षीचीच ना?" असं विचारणारी बाई मराठीच होती. इंग्रज मैत्रिणींना कुठली साडी कुठल्या वर्षीची हे कळतच नाही, त्या दर वेळी तेवढ्याच हरखतात.

अजून एक गोष्ट घरच्या वादात कमी पडते: शिवलं कुणी, विणलं कुणी. २०२४ च्या मेट गालामध्ये आलियाच्या साडीला १६३ माणसांचे १९६५ तास लागले, हा आकडा जगभर गेला. त्यातल्या एकाचंही नाव माझ्या वाचनात आलं नाही. पुढच्या वर्षी जूनमध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या तेव्हा तर आकडाही नव्हता, गावाचं नावही नव्हतं. आपल्याकडे आग उसळली आणि ती रास्त होती. २०१९ पासून कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन आहे. आगीचा उपयोगही झाला: कंपनीची माणसं कोल्हापुरात येऊन गेली, डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला, तिथल्या कारागिरांकडून दोन हजार जोड करून घ्यायचे, किंमत सुमारे ८०० युरो. मी त्या दिवशी ग्रुपवर एवढंच विचारलं, की आपल्यापैकी किती जणींनी गेल्या पाच वर्षांत कारागिराकडून थेट, घासाघीस न करता कोल्हापुरी घेतली? दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

ती मोरपंखी साडी मागच्या शनिवारी विकली गेली. सोळा-सतराची गोरी मुलगी, शाळेच्या निरोपाच्या पार्टीसाठी गाऊन शिवायचा होता तिला. पार्टीच्या दाराशी लाल गालिचा घालणार आहेत, असं तिची आई हौसेने सांगत होती. मुलीने काउंटरवर साडी पसरली आणि मला विचारलं, सरळ बाजू कुठली? मी दाखवली. मग न राहवून पदर दाखवला, म्हटलं, कापायचीच असेल तर दुसऱ्या टोकाकडून काप, हा भाग अख्खा ठेव. तिने रफूवर बोट फिरवलं.

"हे कुणी केलंय?"

माहीत नाही, म्हटलं. तिने सहा पौंड दिले आणि विचारलं, न कापता कशी नेसायची ते शिकवाल का. पुढच्या शनिवारी चारला, दुकान बंद झाल्यावर या, असं सांगितलंय. परकर माझा नेणार आहे.