शिअर झोन आहे, म्हणून युरेनियम आहे?

नागपुरात मोबाईलवरून फिरणाऱ्या एका मजकुराचा सार असा : मध्य भारतीय शिअर झोन (खडक एकमेकांवरून सरकून रगडले गेलेला लांब पट्टा) आपल्या भागातून जातो, झारखंडचं जादुगुडा शिअर झोनमध्येच आहे, घर्षणाच्या उष्णतेने तिथे युरेनियम तयार होतं, ते कोळशाच्या थरासारखं पट्टाभर पसरतं, आणि बोअरच्या पाण्यात युरेनियम निघतं हा त्याचा पुरावा. यातल्या पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत. पुढे सगळी घसरगुंडी.

‘घर्षणाने युरेनियम तयार होतं.’ युरेनियम हे मूलद्रव्य आहे. दगड कितीही रगडला तरी त्यातून नवं मूलद्रव्य निघत नाही. भूकवचाच्या वरच्या भागात टनामागे सरासरी २.७ ग्रॅम युरेनियम असतं, ग्रॅनाइटमध्ये साधारण ४. जादुगुडा ज्या पट्ट्यात आहे त्या सिंहभूमचं धातुक (धातू काढण्याजोगा खडक) टनाला काहीशे ग्रॅमचं, आणि जगाच्या मानाने तेही गरीबच. म्हणजे शंभरपटीहून जास्त गोळा व्हायला हवं. त्यासाठी आधी ऑक्सिजनयुक्त पाण्याने षट्संयुजी (पाण्यात विरघळणाऱ्या रूपातलं) युरेनियम कार्बोनेटच्या संगतीने विरघळवून आणावं लागतं. मग वाटेत क्लोराइट या हिरवट खनिजातलं फेरस लोह, सल्फाइड किंवा ग्रॅफाइट भेटलं की ते चतुःसंयुजी (सहज न विरघळणारं) होऊन युरेनिनाइट या खनिजाच्या रूपात बसतं. स्रोत, पाणी, वाट आणि अडवणारं खनिज यांपैकी शिअर झोन फार तर वाट देतो.

‘पट्टाभर सारखं पसरतं.’ या दाव्यावर जरा थांबायला हवं, कारण खरी गंमत इथेच आहे. सिंहभूमचा पट्टा दीडशे किलोमीटरहून लांब. त्यातल्या युरेनियमच्या खाणी मात्र बोटांवर मोजण्याइतक्या : जादुगुडा, भाटीन, नरवापहाड, तुरामडीह, बागजाता, मोहुलडीह, बांदुहुरंग. असं का? खोलवर, साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या वर, क्वार्ट्झ तुटत नाही, घन राहूनच वाहतो. त्याचे कण बारीक होत जातात आणि मायलोनाइट तयार होतो. तो इतका घट्ट विणलेला असतो की पाणी त्यातून सहज शिरत नाही. त्यामुळे ‘जितकं जास्त विरूपण (खडकाचा आकार बदलणं) तितकं जास्त युरेनियम’ हे गणित उलटंही पडतं. जागा उघडते ती पट्टा वळतो तिथे, कठीण क्वार्ट्झाइट किंवा काँग्लोमरेट (गोटे घट्ट जुळून झालेला खडक) मऊ, पापुद्र्यांच्या शिस्टला टेकतो तिथे, आणि पट्टा थंड झाल्यावर पुन्हा हलून ठिसूळपणे तडकतो तिथे. म्हणून धातुक भिंगासारखं : मध्ये फुगलेलं, कडांना चिमटलेलं.

त्या भिंगांनाही दिशा असते. पुरणपोळी एकाच बाजूला लाटत गेलात तर आतलं पुरण त्या बाजूला लांबतं. खडकातल्या ताण-रेषा तशाच. विरूपणाच्या आधी किंवा ते चालू असताना बसलेलं धातुक बऱ्याचदा या रेषांच्या दिशेने लांबतं. नंतरच्या भेगांमध्ये बसलेलं मात्र भेगांच्या छेदरेषेला धरून जातं. दोन्हीत गल्लत झाली की पुढचं बोअरहोल कोरडं. म्हणून कोअर (बोअरहोलमधून निघणारा दगडी दांडा) दिशा नोंदवून काढतात, फोलिएशनचा (खडकातल्या पापुद्र्यांचा) डिप म्हणजे उतार आणि रेषेचा कल मोजतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे पातळ छेद रेषेला समांतर व फोलिएशनला काटकोनात घेतात. छेद भलत्या दिशेने घेतला तर खडक कुठल्या बाजूला सरकला तेच चुकीचं दिसतं.

जाडीचा हिशोबही इथेच फसतो. भिंग ४० अंशांनी कललेलं आणि खरी जाडी ३ मीटर असेल, तर उभ्या बोअरहोलमध्ये ती ३.९ मीटर दिसते. हाच आकडा कललेल्या पृष्ठाच्या क्षेत्रफळाशी गुणला तर साठा ३० टक्के फुगतो. होल भिंगाला काटकोनात पाडावं, नाहीतर दिसलेली जाडी कलाच्या कोनाच्या कोसाइनने गुणून घ्यावी.

‘जादुगुडासारखंच इथेही.’ जादुगुडाबद्दलही एकमत नाही. तिथल्या काँग्लोमरेटमध्ये युरेनियम आधीपासून होतं आणि शिअरिंगने त्याची फेरमांडणी केली, असं मानणारे अभ्यासक आहेत. नागपूरच्या बाजूला मनसर-कांद्रीचं मँगनीज पाहा. ते सॉसर गट या प्राचीन खडकसमूहात थर म्हणूनच साचलं. घड्यांनी त्याचा आकार बदलला, घडीच्या बाकावर ते जाड झालं. तिथे विरूपणाने आधीच्या मालाला आकार दिला. नुसता पट्टा सारखा म्हणून माल सारखा होत नाही. नागपुरात ॲटॉमिक मिनरल्स डायरेक्टोरेट या अणुखनिजं शोधणाऱ्या सरकारी संस्थेचं मध्य विभागाचं कार्यालय आहे. तिथे काम करणाऱ्यांना हा पट्टा कुणी फॉरवर्ड करून कळवायची गरज नाही.

‘पाण्यात युरेनियम म्हणजे खाली साठा.’ जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मार्गदर्शक मर्यादा लिटरला ३० मायक्रोग्रॅम. साध्या ग्रॅनाइटमधूनही बायकार्बोनेटयुक्त पाणी तेवढं विरघळवून आणू शकतं. पाणी तपासून घ्या. खाणीची स्वप्नं राहू द्या.

राहिला त्या मजकुरासोबत फिरणारा, किरणोत्सार मोजणाऱ्या मीटरचा टिकटिकाट दाखवणारा व्हिडिओ. साधा काउंटर पोटॅशियम, थोरियम आणि युरेनियम वेगळे सांगत नाही. गुलाबी फेल्डस्पारवरही तो खुशाल वाजतो. किरणांची ऊर्जा वेगळी करणाऱ्या स्पेक्ट्रोमीटरवर पोटॅशियम, युरेनियम आणि थोरियमसाठी अनुक्रमे १.४६, १.७६ आणि २.६१ एमइव्ही (ऊर्जेचं एकक) या तीन खिडक्या वेगळ्या वाचाव्या लागतात. त्यातली १.७६ ची खिडकीसुद्धा युरेनियमची नाही, युरेनियमच्या विघटनातून रेडियममार्गे तयार होणाऱ्या बिस्मथ-२१४ ची आहे. पृष्ठभागाजवळ युरेनियम धुऊन गेलं आणि रेडियम मागे राहिलं, तर मीटर ‘भरपूर आहे’ म्हणतो आणि प्रयोगशाळेतलं रासायनिक पृथक्करण ‘जवळपास नाही’. अशा वेळी रासायनिक आकडाच धरतात.