कौलं फोडणारे सर आणि अस्नोड्याची मासळीवाली

आज लेक शाळेतून प्रमाणपत्र घेऊन आली. लॅमिनेट केलेलं. 'स्वसंरक्षण प्रशिक्षण यशस्वीरीत्या पूर्ण केल्याबद्दल.' प्रशिक्षण किती दिवसांचं? दोन तासांचं. त्यातला पहिला अर्धा तास पाहुण्यांचं स्वागत आणि समई पेटवणं, शेवटची वीस मिनिटं फोटो.

मधे काय शिकवलं विचारलं तर म्हणे सरांनी एका फटक्यात सहा कौलं फोडली. मंगळुरी कौलं. अहो, आमच्या मागच्या पडवीची कौलं माकडं रोज फोडतात. त्यांना कुणी ब्लॅक बेल्ट दिल्याचं ऐकिवात नाही.

पण आठवीतली पोर, खुशीत होती. दप्तर फेकलं, हात पुढे केला. "बाबा, माझं मनगट धर. घट्ट धर." मी धरलं. तिने शिकवल्याप्रमाणे माझ्या अंगठ्याच्या बाजूला झटका दिला. हात सुटला नाही. पुन्हा दिला. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा तिने दोन्ही हातांनी ओढून बघितलं, मग माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "सोडला असतात हात तर काय बिघडलं असतं?"

काय बिघडलं असतं तेच लिहायला बसलोय. पोस्ट लांब होणार. ज्यांना घाई आहे त्यांनी लाइक ठोकून पुढे जावं, मी रागावणार नाही.

माझी गोष्ट तुमच्यातल्या निम्म्या लोकांना पाठ आहे, तरी सांगतो. १९९५ साल, रविवार. गोव्यात म्हापशाला कराटेचं ग्रेडिंग, म्हणजे बेल्टची परीक्षा, होती आणि पाच वर्षं घासल्यावर मला ब्राऊन बेल्ट मिळाला. बेल्ट पिशवीच्या तळाशी न ठेवता तोंडाशी ठेवला होता, लोकांना दिसेल असा. वय वीस, समजून घ्या. डिचोलीची खासगी बस पकडली. तीस सीट, पन्नास माणसं, कंडक्टर दारात लोंबकळत 'फाटीं वच, फाटीं वच' (मागे सर, मागे सर) करतोय. थिवी मागे पडली आणि एक बेबदो, म्हणजे दारुडा, माझ्या पायावर पाय देऊन उभा राहिला. मी काहीतरी बोललो. त्याने माझी कॉलर धरली.

मी काय केलं? झेनकुत्सु-दाची घेतली.

ज्यांनी कराटे केलंय ते आत्ता हसले असतील. बाकीच्यांसाठी सांगतो: पुढचा गुडघा वाकलेला, मागचा पाय ताठ, एक मूठ कमरेला. धावत्या बसमध्ये! ड्रायव्हरने ब्रेक मारला आणि मी आडवा. कॉलर त्याच्या हातातच, त्यामुळे तोही माझ्या अंगावर. पाच वर्षांत चोवीस-पंचवीस काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या मालिका, पाठ केल्या होत्या. त्यांपैकी एकही अंगावर बेबदो पडलेला असताना सुरू होत नाही.

शेजारच्या सीटवर एक मासळीवाली होती, रिकामी पाटी मांडीवर घेऊन. पन्नाशीची असेल. ती उठली, मागून त्याच्या पॅन्टचा पट्टा धरला आणि एकदाच ओढला. एकदाच. तो ढुंगणावर बसला. मग तिने ती पाटी त्याच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "धर ही. बस रे पुता, बस सकयल." (बस रे बाळा, बस खाली.) अस्नोडा येईपर्यंत तो ती पाटी धरून बसला होता, शाळेतल्या मुलासारखा. मलाही तिनेच दंडाला धरून उठवलं. घरी गेलो तर आईने वास घेऊन विचारलं, "बांगडे हाडले?" (बांगडे आणलेस?)

आता मुद्दा. गेले दोन महिने आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर चर्चा चाललीय की मुलांना कुठल्या क्लासला घालायचं. कुणी कराटे म्हणतंय, कुणी तायक्वांदो, कुणी इस्रायली सैन्यातलं क्राव मागा, एका काकांनी तर 'मुलींनी दिवेलागणीआधी घरी यावं' हीच सर्वोत्तम मार्शल आर्ट असल्याचं जाहीर केलं. (काका, तुम्ही ही पोस्ट वाचताय हे मला माहीत आहे.) कुठली कला चांगली हा प्रश्नच उलटा आहे. क्लासमध्ये समोरचा माणूस खरोखर विरोध करतो का, एवढंच बघायचं. रोज, घाम निघेपर्यंत, हरायला तयार नसलेला माणूस समोर असतो का? असेल तर त्या कलेचं नाव काहीही असू दे.

आमच्या क्लासमध्ये काय व्हायचं? समोरचा एक पाऊल पुढे टाकायचा, ठोसा मारायचा आणि हात तसाच हवेत ठेवून थांबायचा, रेल्वेच्या सिग्नलसारखा. मग मी आरामात त्याला अडवायचो, तीन फटके द्यायचो, 'ओस' म्हणून सलाम करायचो. त्या बेबद्याने ठोसा मारलाच नाही. त्याने धरलं आणि ओढलं. माणसं धरतात आणि ढकलतात हो! गल्लीत, बसमध्ये, जत्रेत, दारूच्या दुकानाबाहेर. कुणी तीन पावलांवर उभं राहून नमस्कार करून सुरुवात करत नाही.

आता जपानची एक गोष्ट सांगतो, ती मला फार आवडते. जिगोरो कानो नावाचे एक मास्तर होते, अंगाने लहानखुरे. १८८२ साली त्यांनी टोकियोत एका देवळात बारा चटयांवर शाळा काढली, कोदोकान. तीच ज्युदोची सुरुवात. जुजुत्सू या जुन्या जपानी झटापटीच्या कलेत भयंकर डाव होते, डोळ्यात बोटं, सांधे मोडणं. पण भयंकर असल्यामुळेच त्यांचा पूर्ण जोराने सराव करता येत नव्हता, करणार कुणावर? कानोंनी ते डाव मोकळ्या कुस्तीतून बाजूला काढले. उरलेले असे, की रोज पूर्ण ताकदीने करता येतील आणि दुसऱ्या दिवशी दोघंही परत येतील. त्या मोकळ्या कुस्तीला रान्दोरी म्हणतात. म्हणजे डाव कमी धोकादायक झाले आणि माणूस जास्त धोकादायक झाला. 'आमची कला इतकी घातक आहे की सराव करता येत नाही' म्हणणाऱ्या प्रत्येक सरांना हे ऐकवायला पाहिजे. सराव करता येत नाही, तर तुम्हाला ती येते हे कळलं कसं?

त्याच कोदोकानचा मायेदा नावाचा एक पठ्ठ्या १९१४ मध्ये ब्राझीलला पोचला, त्याने ग्रेसी घराण्यातल्या एका पोराला शिकवलं आणि त्यातून ब्राझिलियन जिउ-जित्सू निघालं. १९९३ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत डेन्व्हरला पहिली यूएफसी, म्हणजे वेगवेगळ्या कलांच्या लोकांची आपसातली स्पर्धा, झाली, तेव्हा त्याच घराण्यातला होइस ग्रेसी, साधारण ऐंशी किलोचा सडपातळ माणूस, एका रात्रीत तिघांना हरवून गेला. डाव कसला? धरणं, खाली आणणं, खाली दाबून ठेवणं. १९९३! म्हणजे मी बसमध्ये पडलो त्याच्या दोन वर्षं आधी सगळ्या जगाला उत्तर मिळालं होतं, फक्त डिचोलीला पोचलं नव्हतं. अस्नोड्याच्या बाईला मात्र ते आधीपासून येत होतं. रोज पहाटे पावणीला, म्हणजे मासळीच्या लिलावाला, दहा जणींच्या धक्क्यात उभं राहणं, ओली पाटी उचलून डोक्यावर घेणं, चालत्या बसमध्ये ती सांभाळणं. तिच्या बोटांना जी पकड होती ती माझ्या पाच वर्षांच्या ठोशांना नव्हती. तिची रान्दोरी रोज चालायची.

बरं, कराटेवाले मित्र आता भांडायला येतील. या. टोकियो ऑलिंपिकमधली कराटेची ती फायनल आठवते? २०२१ च्या ऑगस्टमध्ये. सौदीचा खेळाडू पुढे होता, त्याने अशी लाथ मारली की इराणचा गंजजादेह जागीच आडवा, स्ट्रेचरवरून नेला. आणि सुवर्णपदक मिळालं कुणाला? स्ट्रेचरवरच्याला. कारण लाथ नियमापेक्षा जास्त जोरात लागली! खेळ म्हणून ठीक आहे, नियम तो नियम. पण वीस वर्षं 'लागायच्या आधी थांबव' हेच शिकवलेल्या शरीराला बसमध्ये अचानक कोण सांगणार की आज थांबवू नकोस? तायक्वांदोतही हाताने तोंडावर मारायला बंदी आहे, मग हात खाली सोडून लढायची सवय लागते. पाय सुंदर चालतात, मान्य. बसमध्ये पाय उचलायला जागा दाखवा.

हो, माझ्या कराटेने मला काही दिलं नाही असं नाही. पहाटे उठायला शिकलो, मार खाल्ल्यावर रडू नये हे शिकलो. क्योकुशिन या कराटेच्याच एका प्रकारातले लोक अंगावर खरोखर मारतात, त्यांना मी यातून वगळतो. बस.

आणि आमच्या सरांबद्दल एक शब्द वाईट बोलणार नाही. दिवसभर नोकरी करून संध्याकाळी ते गावच्या मंडपात आम्हाला शिकवायचे. ज्याच्याकडे फी नसायची त्याच्याकडे कधी मागितली नाही. त्यांना जे येत होतं ते त्यांनी मन लावून दिलं. बसची गोष्ट मी त्यांना सांगितली तेव्हा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मलाही कुणी असं धरलं नव्हतं रे कधी." इतकं खरं बोलणारा गुरू परत भेटला नाही.

राग मला दोन तासांत प्रमाणपत्र वाटणाऱ्यांचा आहे. आज त्यांनी चाकू हिसकावून घेणंही दाखवलं म्हणे, रबराच्या चाकूने. तेरा वर्षांच्या मुलींना! चाकू धरलेला माणूस एकदा भोसकून हात तसाच ठेवून उभा राहत नाही, तो मागे घेतो आणि पुन्हा मारतो. एखादी त्या विश्वासावर चाकूला हात घालेल, मग काय लॅमिनेशन आडवं येणार? चाकू दिसला तर पळायचं. पर्स मागतोय, पर्स दे. पळता येत नसेल तर खुर्ची, छत्री, स्कूटरचं हेल्मेट, काहीही मधे घाल आणि ओरड. ११२ लावायचं तेही तिथून लांब गेल्यावर. हे सांगायला पाच मिनिटं लागतात, पण त्याचे फोटो चांगले येत नाहीत.

क्राव मागाचंही तेच. ज्या इमी लिख्टेनफेल्डने ते काढलं, तो आधी कुस्तीगीर आणि बॉक्सर होता, युरोपातल्या ब्रातिस्लाव्हाच्या रस्त्यांवर खऱ्या मारामाऱ्या केलेला. आमचे लोक त्याच्या कुस्तीची वर्षं गाळतात आणि शेवटचे चार डाव वीकेंडला विकतात.

मग घालायचं कुठे? माझं विचाराल तर आधी ज्युदो किंवा कुस्ती, जोडीला थोडं बॉक्सिंग. बॉक्सिंगमध्ये पहिल्या महिन्यात नाकावर एक बसते आणि आपण मेलो नाही हे कळतं, ते कुठल्याही बेल्टपेक्षा मोलाचं. डोक्याला रोज मार नको, हे बायकोचं म्हणणं बरोबर आहे. म्हणून थोडंच. किनाऱ्याकडे हल्ली मुए थाई आणि जिउ-जित्सूचे क्लास निघालेत, शिकवतात चांगलं, पण फी ऐकून माझा हातच आपोआप सुटला.

ज्युदो आधी, कारण तिथे पहिले कित्येक दिवस फक्त पडायला शिकवतात. हसू नका. आपल्या गोव्यात माणसाला गुंडांपेक्षा जून-जुलैतल्या शेवाळलेल्या चिऱ्यांनी जास्त पाडलंय. मी अडतिसाव्या वर्षी चार महिने ज्युदोला गेलो होतो. पहिल्याच दिवशी पंचावन्न किलोच्या एका पोरीने मला तीनदा आपटलं आणि तिन्ही वेळा 'अंकल, लागलं नाही ना?' विचारलं. गुडघ्याने दगा दिला म्हणून सोडलं. पण परवाच्या पावसात विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरलो तेव्हा हनुवटी आपोआप छातीला लागली, हाताची थाप जमिनीवर बसली, आणि डोकं वाचलं. पाच वर्षांच्या कराटेने दिलं नाही ते चार महिन्यांच्या आपटण्याने दिलं.

क्लास बघायला जाल तेव्हा बेल्ट, ट्रॉफ्या, भिंतीवरचे फोटो बघू नका. मागे बाकावर बसा आणि बघा, कुणी हरतंय का. सर कधी स्वतः शिष्यांबरोबर उतरतात का. मुलींना मुलग्यांशी झटायला देतात का. सगळेच डाव पहिल्या झटक्यात लागत असतील तर चपला घालून परत या.

कायद्याचं एक विचारलं होतं कुणीतरी. स्वतःचा बचाव करायचा हक्क आहे, भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४. पण गरजेपुरताच. माणूस पाटी धरून गप्प बसल्यावर त्याला आणखी मारलंत तर तुम्हीच आत. त्या बाईने कायदा वाचला नव्हता, पण बरोबर तिथेच थांबली होती.

साडेअकरा वाजले. हे सगळं टाइप करताना दार उघडलं. डोळे सुजलेले. मला वाटलं पाणी प्यायला आली असेल. माझ्या खुर्चीमागे उभी राहिली, थोडं वाचलं, आणि म्हणाली, "बाबा, त्या मावशीने नक्की कुठे धरलं होतं?"

मी उठून दाखवलं, पट्ट्याच्या मागे, मधोमध. तिने धरलं. ओढलं. मी हललो नाही. दुसऱ्यांदा पाय फाकवून ओढलं, मी अर्धं पाऊल मागे गेलो, पण सावरलं. मुद्दाम सोडायचं नाही हे ठरवलंच होतं. तिसऱ्यांदा तिने आधी पुढे ढकललं, मी विरोध केला, आणि त्याच क्षणी मागे ओढलं.

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. खुर्चीचा एक हात मोडलाय, आणि बायको आतून विचारतेय काय पडलं म्हणून.